पिशवी काढली, काम मात्र सुटले नाही

गेल्या हंगामाच्या शेवटी, मार्च महिन्यात, मंद्रूपजवळ विजयपूर रस्त्याच्या कडेला एका ऊसतोड टोळीच्या खोप्या होत्या. तिथे आम्ही चौघे गेलो होतो. टोळीतल्या मुलांची नावे लिहून घ्यायची आणि जयंतीच्या आधी त्यांना वह्या-पुस्तके द्यायची, एवढेच काम होते. नावे लिहून होत आली तेव्हा एक बाई बोलता बोलता एकदम खाली बसली. चेहरा लाल, कपाळावर घाम, पदराने वारा घेत होती. सकाळचे साडेसात वाजले होते, ऊन अजून चढायचे होते. आम्हाला वाटले ताप असेल. आमच्यातल्या ताईंनी जवळ बसून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ताप न्हाई ओ. असंच येतंय. दिवसातनं धा बारा बारी. रातीला झोप न्हाई. पिशवी काढल्यापासनं हाय हे."

वय विचारले. "बत्तीस असंल," म्हणाली.

पिशवी का काढली, हे विचारल्यावर तिने जे सांगितले ते आम्ही इथे तिच्याच शब्दांत देतो, कारण पुढचा सगळा लेख त्यावर आहे. "अंगावरनं जायाचं. पोटात दुखायचं. खाडा पडायचा. मुकादम पैसं कापायचा. डाक्टर म्हणला कॅन्सर हुईल, काढून टाका. काढली. आता खाडा तर पडत न्हाई."

आता खाडा पडत नाही. म्हणजे तिच्या हिशेबाने ऑपरेशन यशस्वी झाले.

मित्रांनो, पाळी बंद होण्याचा काळ, म्हणजे ज्याला रजोनिवृत्ती किंवा मेनोपॉज म्हणतात, तो आपल्याकडे सर्वसाधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येतो. त्याच्या आधी दोन-चार वर्षे पाळी मागेपुढे होते, कधी रक्तस्राव फार होतो, अंगातून वाफ निघाल्यासारखे होते, झोप तुटते, चिडचिड होते, सांधे दुखतात, विसरायला होते. बहुतेकींना यातले काही ना काही होते, काहींना फारच होते. यात रोग काहीच नाही, शरीराचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो. पण गर्भाशयासोबत बीजांडेही काढली तर हा टप्पा हळूहळू येत नाही, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून अंगावर कोसळतो. बीजांडे ठेवली तरी ती नेहमीपेक्षा काही वर्षे आधी थकू शकतात. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी जे व्हायचे ते तिशीत झाले, तर ती बाई पुढची पंधरा-वीस वर्षे त्या संरक्षणाशिवाय काढते. आणि ही काढायची कुठे? उसाच्या फडात, डोक्यावर मोळी घेऊन.

बीड जिल्ह्याचा आकडा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पण तो ऐकून आपण पुढे गेलो. २०१९ मध्ये बातम्या आल्या, विधिमंडळात गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के आहे. दोन पाहण्यांचा वयोगट आणि पद्धत एक नाही, हे आम्ही मान्य करतो. तरी सोळा-सतरा आणि तीन यांच्यातली दरी वयोगटाने भरून निघत नाही. ती दरी कामाची आहे.

काम कसे चालते ते पाहा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, बाईच्या नावाने वेगळी मिळत नाही. त्यामुळे बाई आजारी पडली तर कोयता मोडतो, आणि मोडलेल्या कोयत्याचा दंड उचलीत चढतो. हा दंड म्हणजे खाडा. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, उजाडायच्या आत फडात जायचे, नवऱ्याने तोडलेला ऊस साळून मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायचे. खोपीला संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीत कापड बदलायला जागा नाही. मग जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. यातले बहुतेक दुखणे औषधाने बरे होण्यासारखे असते. पण औषधाला आठवडा-पंधरा दिवस लागतात आणि विश्रांती लागते. ऑपरेशन एकदाच होते. गावाकडे हंगामाआधी करून घेतले की पुढे पाळी नाही, खाडा नाही. मुकादमाची सोय, दवाखान्याची कमाई, कारखान्याला रोजचा ऊस वेळेवर. जिच्या शरीरातून ही सोय कापून घेतली, तिच्या वाट्याला ऑपरेशनसाठी काढलेले कर्ज. ते फेडायला पुन्हा उचल.

याला आम्ही वैद्यकीय गैरप्रकार एवढेच म्हणायला तयार नाही. तो आहेच. अशा अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. पण डॉक्टरवर देखरेख ठेवून अर्धाच प्रश्न सुटतो. कामाची जागा बाईच्या शरीराला जुळवून घेत नाही, म्हणून बाईचे शरीर कापून कामाच्या जागेला जुळवले जाते. हा मूळ गुन्हा दवाखान्याच्या दारात घडत नाही, फडात घडतो.

आता दुसरीकडे बघू. शहरात हल्ली 'कामाच्या ठिकाणी मेनोपॉज' असा विषय निघू लागला आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली मासिक पाळी आणि रजोनिवृत्ती यांबाबत कंपन्यांनी काय करावे याचे एक मानकच प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये तिथल्या समानता आयोगाने मालकांना बजावले की, ही लक्षणे दीर्घकाळ आणि तीव्र असतील तर ती कायद्याने अपंगत्वात मोडू शकतात आणि सवलत नाकारणे हा भेदभाव ठरू शकतो. इकडे आपल्या शेजारी कर्नाटकात, म्हणजे मंद्रूपहून भीमा ओलांडली की जे राज्य लागते तिथे, ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना महिन्याला एक दिवस पगारी पाळी रजा मंजूर केली. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना अशी दोन दिवसांची रजा १९९२ पासून आहे. चांगलेच आहे. आम्ही याची टिंगल करणार नाही. आपल्या समाजातून पहिल्या पिढीत शिक्षिका, एसटी कंडक्टर, पोलीस, नर्स झालेल्या बहिणी आज नेमक्या याच वयात आहेत. पंचेचाळीस ते पंचावन्न. सात-आठ तास एसटीत उभे राहून तिकिटे फाडणाऱ्या, आणि स्टँडवरच्या संडासाची अवस्था माहीत असल्यामुळे दिवसभर पाणीच न पिणाऱ्या कंडक्टर ताईला एक रजा मिळाली तर ती हवीच आहे.

पण रजा हा शब्द पगाराला चिकटलेला आहे. ज्याला पगार नाही त्याला रजा नाही. मंद्रूपच्या आमच्या वस्तीत पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका काय करतात, ते आम्ही मोजायला बसलो. कुणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला, कुणी कांदा कापायला, कुणी सोलापुरात धुणी-भांड्याला, कुणी शाळेत खिचडी शिजवायला, काही आशा आणि अंगणवाडीत. ज्यांना पगारी रजा आहे अशा किती निघाल्या, हे आम्ही इथे लिहीत नाही. तुमच्या वस्तीत बोटांवर मोजून बघा.

बिडीचे उदाहरण घ्या, ते तर आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातले आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती लढून मिळवली. घर मिळाले, त्याबद्दल त्या लढ्याला सलाम. पण त्या घरात बसून बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते, हजारी दराने. हजार बिड्या झाल्या तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे, सातशे झाल्या तर सातशेचे, त्यातून पुन्हा छाट निघणार ती वेगळी. रात्री झोप न झालेल्या, बोटांचे सांधे आखडलेल्या, मध्येच घामाने भिजणाऱ्या बाईच्या हातून हजाराऐवजी सातशे होतात. तिला कुणी कामावरून काढत नाही, कुणी रागावतही नाही. फक्त तीनशे बिड्यांचे पैसे कमी येतात, आणि हे किती वर्षे चालणार हे तिला माहीत नसते. रजोनिवृत्तीची किंमत ती अशी रोज मोजते. कुठल्या रजिस्टरात तिची नोंद नाही. बिडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी १९७६ च्या कायद्याने बिडीवर उपकर होता, त्यातून दवाखाने चालत. जीएसटी आला आणि २०१७ मध्ये तो उपकर गेला.

इथे आपल्यातलेच काही जण म्हणतात, आणि आमच्या बैठकीतही एका तरुण कार्यकर्त्याने म्हटले, की हा सवर्ण स्त्रीवाद्यांचा विषय आहे, आपल्याकडे अत्याचाराच्या केसेस पडल्यात, आरक्षणाचे उपवर्गीकरण पेटलेय, त्यात पाळीचे काय घेऊन बसलात? मागच्या दोघा-तिघांना हसू आले. त्या हसण्याने बैठकीतल्या तीन बायका उठून चहा करायला आत गेल्या. आम्ही त्या पोराला दोष देत नाही. त्याला चळवळीने हे कधी शिकवलेच नाही.

बाबासाहेबांनी मात्र शिकवले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडणी केली की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. आणि बाईच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण मोकळे सोडता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. खाणीतली बाई! कोळशाच्या धुळीत काम करणारी, बहुतेक दलित-आदिवासी. तिचे शरीर बाबासाहेबांना श्रमकायद्याचा विषय वाटले. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते आपण प्रत्येक भाषणात सांगतो. या दोन शत्रूंची गाठ सर्वांत घट्ट कुठे बसते, तर ती ऊस तोडणाऱ्या बाईच्या ओटीपोटात. ते मात्र आपण सांगत नाही.

आणि फक्त बाबासाहेबच नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेने गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, महिनाभराची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षे काम केल्यावर पेन्शन मागितली. बिडी कामगार बाईला रजा आणि पेन्शन! ८० वर्षांहून अधिक काळ लोटला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून या बायका पुन्हा उजेडात आणल्या. तरी आमच्या त्या बैठकीत सुलोचनाबाईंचे नाव एकालाही सांगता आले नाही. लिहिणाऱ्यांपैकीही दोघांना सांगता आले नव्हते, हे कबूल करतो. तेव्हा हा विषय बाहेरून आलेला आहे, हे म्हणणे आपल्याच आज्यांना विसरण्यासारखे आहे.

विटाळाचीही एक गोष्ट यात आहे. ब्राह्मणी व्यवस्थेला पाळी जाणारी बाई आवडते. शबरीमलाला दहा ते पन्नास वयाच्या बाईला बंदी, त्यापुढे दार उघडे. गावात म्हातारीला म्हणतात, "सुटलीस बाई आता." कशातून सुटली? विटाळातून. म्हणजे जोवर पाळी आहे तोवर ती अपवित्र, आणि पाळी गेली की तिच्याकडे बघायचे कारणच संपले. या दोन्ही वेळी तिच्या शरीराला काय होतेय हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपण विटाळ नाकारला, १९२७ ला मनुस्मृती जाळली. पण आपल्या घरातही पाळी जाण्याच्या वयातल्या आईला "हिचं डोकं फिरलंय", "उगाच खेकसते", एवढेच म्हटले जाते. चिडणाऱ्या आईला रात्रभर झोप लागलेली नाही, हे कुठल्या मुलाला माहीत असते? आमच्यातल्या एकाच्या आईने तीन वर्षे अंगावरून जात असताना दवाखाना टाळला, कारण तिथे बाई डॉक्टर नव्हती आणि मुलाला सांगायची लाज वाटत होती. मुलगा गावोगाव प्रबोधनाची भाषणे करत होता. तिला शेवटी रक्त चढवावे लागले.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. सवलती दिल्या तर मालक बायकांना कामच देणार नाहीत, असे म्हणतात. जुलै २०२४ मध्ये पाळी रजेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही ही भीती बोलून दाखवली आणि धोरण ठरवण्याचे काम सरकारवर सोपवले. मालकवर्गाचा हा युक्तिवाद जुना आहे, प्रसूती लाभाच्या वेळीही तो झाला होता. पण आमचे म्हणणे वेगळे आहे. ऊसतोडीत, खुरपणीत, बिडीत मालक बाईला उपकार म्हणून काम देत नाही. तिच्याइतक्या कमी पैशात दुसरे कुणी मिळत नाही म्हणून देतो. कोयत्यातून बाई वगळली तर साखर कारखाने किती दिवस चालतील? सोलापूर जिल्ह्यात जितके कारखाने आहेत, त्यांचे गाळप या बायकांच्या डोक्यावरून जाते. भीती त्यांनी धरायची, आपण कशाला? शिवाय आमची पहिली मागणी रजेची नाहीच. सावली, पाणी, संडास, बसायला जागा, औषध आणि बुडालेल्या कामाचा दंड बंद, यांनी कुणाची नोकरी जात नाही.

तेव्हा काय मागायचे, ते आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. खाडा हा प्रकारच बेकायदा ठरवा. आजारी बाईच्या दिवसाचा दंड उचलीत चढवणाऱ्या मुकादमावर आणि त्याला ऊस तोडायला लावणाऱ्या कारखान्यावर, दोघांवर गुन्हा हवा. उचलीची नोंद कोयत्याच्या नावाने नको, बाईच्या नावाने वेगळी हवी. ही एक गोष्ट झाली तरी बरेच बदलेल, कारण आज कागदावर ऊसतोड महिला नावाची व्यक्तीच नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले आहे. त्या पैशातून ज्यांची गर्भाशये आधीच काढली गेली त्या बायकांच्या हाडांची तपासणी, कॅल्शियम, आणि डॉक्टरच्या सल्ल्याने लागेल तिथे संप्रेरकांचे उपचार झाले पाहिजेत. तिशीत पाळी गेलेल्या बाईला हे उपचार सहसा लागतात. ही चैन नाही, पण त्याबद्दल तिला कुणी सांगितलेलेच नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्याविषयी आमचे आक्षेप अनेक आहेत, ते पुन्हा कधी. पण चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, असे सरकार सांगते आहे. मग ती घरी बिडी वळणाऱ्या आणि फडात ऊस तोडणाऱ्या बाईची पण करा, आणि त्यात पाळी, रक्तस्राव, हाडे, झोप हे प्रश्न विचारा. नुसता बीपी-शुगर घेऊन फोटो काढू नका.

मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस या वयातल्या बायकांसाठी असावा, तो दिवस बाजाराचा नसावा, आणि त्या दिवशी बाई डॉक्टर किंवा निदान प्रशिक्षित नर्स बसावी, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. सह्या गोळा करणे चालू आहे. आशा ताई मदत करतायत. त्यांच्यातल्याही निम्म्या याच वयाच्या आहेत, आणि सरकार त्यांना अजून कामगार म्हणतच नाही, स्वयंसेविका म्हणते.

जयंतीचे भोजनदान यंदाही झाले. हजारभर लोकांचा स्वयंपाक, एप्रिलचे ऊन, चुली. चुलीपुढे कोण होते? पन्नाशीच्या बायका. आम्ही स्टेजवर होतो. पुढच्या वर्षी आचारी लावायचा आणि त्याचे पैसे डीजेतून कापायचे, असा ठराव मंडळात मांडला. वाद झाला, दोन मतांनी पास झाला. डीजे लहान होणार म्हणून पोरे नाराज आहेत.

खोपीवरची ती बाई मार्चच्या शेवटी टोळीबरोबर गावाकडे गेली. नोव्हेंबरात टोळी पुन्हा येईल असे मुकादम म्हणाला. तोवर आम्ही चार पानांची एक वही तयार करतोय. त्यात पाळी कधी गेली, पिशवी कुणी काढायला सांगितली, काढण्याआधी सोनोग्राफी झाली का, बीजांडे ठेवली का, कागद दिले का, किती खर्च आला, किती उचल चढली, एवढेच प्रश्न आहेत. नाव लिहायचे नाही. आपापल्या तालुक्यात हंगामाला टोळ्या येत असतील तर ही वही मागवून घ्या. सोबत एक ताई असल्याशिवाय खोपीवर जाऊ नका, नवऱ्यासमोर हे प्रश्न विचारू नका, आणि सकाळी कामाच्या वेळी तर मुळीच जाऊ नका. आम्ही गेलो होतो त्या दिवशी तिला फडात पोचायला उशीर झाला होता, त्याचा खाडा पडला की काय हे आम्ही विचारायचे विसरलो.

जय भीम.